वजनमापे खात्याचा निवृत्त निरीक्षक स्वतःचं रक्त तपासतो

एकतीस वर्षं मी म्हापशाच्या बाजारात
दुसऱ्यांचे काटे तपासले.
किलोचं वजन नुसतं उचललं तरी
बुडातलं शिसं कोरून काढलंय का
ते तळव्याला कळायचं.
आता मी बोटाला सुई टोचतो
आणि थेंबभर रक्त
माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहतं.

डॉक्टर वेर्लेकर म्हणाले, भात-पाव कमी करा.
कमी म्हणजे किती?
म्हणाले, कमी.
आमच्या खात्यात असं बोलणाऱ्याला मेमो मिळाला असता.

म्हणून वही आखली.
सोमवार : दोन उंडे, बिनसाखरेचा चहा.
दोन तासांनी दोनशे चौदा.
मंगळवार : तेच, पडताळणीसाठी. दोनशे नऊ.
बुधवार : एकच उंडो,
आणि दुसऱ्याच्या जागी वाटीभर तोंडाक,
अळसांद्यांचं, भाजल्या खोबऱ्याच्या वाटपातलं,
एकशे एकसष्ट.

मी यंत्रावर संशय घेतला.
दुसऱ्या बोटाला टोचलं.
एकशे अठ्ठावन्न.
मोहिनी म्हणाली, पट्टी फुकट मिळते का?
आणि ताट उचलून आत गेली.

भात कसा, दार ढकलून आत येतो,
वरातीसारखा, बँडसकट,
अर्ध्या तासात सगळं घर त्याचं.
अळसांदे तसे नाहीत.
ते उंबऱ्यावर टेकतात,
चपलांचे बंद सोडत बसतात,
पाणी मागतात.
शिजूनही त्यांच्या आतल्या बारीक भिंती
पुरत्या पडत नाहीत,
पीठ बाहेर येतं ते रांगेतून,
एकेक,
आणि शेजारी बसलेल्या भातालाही म्हणतं,
थांब रे, घाई काय आहे.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं असं नाही.
आमच्या घरी उकड्या तांदळाच्या शितांवर
मुगागाठी, तोर, कुळथाचं सार
रोज पडतच होतं.
मीच ते बाजूला सारायचो,
निरीक्षकाला भात लागतो म्हणून.

गुरुवारी रात्री अळसांदे आणि दोन पळ्या पेज.
शुक्रवारी सकाळी पोदेराचा भोंपू वाजला
आणि मी घसरलो.
दोन उंडे, नुसते, गरम, उभ्यानेच.
यंत्र म्हणालं, एकशे एक्क्याऐंशी.
दोनशेच्या वर जायला हवं होतं.
तीनदा वही पाहिली. या गोष्टीला रकानाच नव्हता :
काल रात्रीचं जेवण
आज सकाळच्या चुकीला जामीन राहिलं होतं.

वेर्लेकर हसले. होतं असं, म्हणाले,
आतड्यातले जंतू रात्रभर त्या दाण्यांवर राबत असतात,
त्याची मजुरी सकाळी मिळते.
गोळी मात्र सोडायची नाही.
तुमच्या वहीत एकाच माणसाचा आठवडा आहे.
मी मान हलवली.
एका दुकानावरून बाजार ठरवू नये,
हे मीच नव्या पोरांना शिकवायचो.

मग बाजारात गेलो, शुक्रवारच्या.
शिवोलीची पिएदाद अजून तिथंच बसते,
मिरच्यांच्या माळा आणि मिठाच्या राशी यांच्यामध्ये,
पुढ्यात अळसांदे, तांबूस, पावसाआधीचे वाळवलेले.
सत्त्याण्णव साली मी तिचं पत्र्याचं माप जप्त केलं होतं.
तळाशी मेण होतं, बोटभर जाड.
दंड दीडशे रुपये.
ती रडली नव्हती.
पावती उलटी धरून वाचत राहिली होती.

ती मला ओळखते.
ओळख नसल्यासारखा मी दाणे बोटांनी चाळतो.
अर्धा किलो, म्हणतो.
आता तिच्याकडे बॅटरीचा काटा आहे,
तो ती माझ्याकडे वळवून धरते,
लाल आकडे थरथरत पाचशेवर येऊन थांबतात.
मग ती वर एक चिमूट टाकते.
"हे मेजूं नाकात, सायबा."

पाचशे सात.

घरी येऊन वहीत पाचशे लिहिलं.
मग खोडलं.
अळसांदे भिजत घातले,
आणि बराच वेळ
पाण्यात हात तसाच ठेवून उभा राहिलो.